रनिंग ग्रुप: रविवार पैसे वसूल, तक्ता मात्र परगावचा

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरवर लोक काहीही विचारतात. यंदाच्या जानेवारीत मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावून आले हे रत्नागिरीभर झालं. तेव्हापासून खोकल्याच्या औषधाबरोबर तीन प्रश्न ठरलेले: फी किती, गुडघे जातात का, आणि ‘बायकांना झेपतं का हो ते?’ प्रत्येकाला तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ज्या रनिंग ग्रुपबरोबर मी तयारी केली, त्याचं नाव मुद्दाम देत नाही. यात कौतुक आहे तशी कुरकुरही आहे, आणि उद्या त्याच मंडळींबरोबर भाट्याच्या पुलावर धावायचंय.

निकाल आधी सांगून टाकते. नव्याने धावू लागणाऱ्याने यांच्याकडे जावं, पण रविवारसाठी जावं. मंगळवार-गुरुवारचं स्टेडियमवरचं काम मला फीच्या मानाने फार पातळ वाटलं. सरावाचा जो तक्ता मोबाइलवर पाठवतात, तो बनवणाऱ्याने कोकणातला ऑक्टोबर आणि कोकणातला गणपती दोन्ही पाहिलेले नाहीत.

फी हंगामाची साडेचार हजार, जुलै ते जानेवारी. त्यात एक टी-शर्ट सक्तीचा. पुढे-मागे इतक्या प्रायोजकांची नावं की पाठ म्हणजे चौकातला बॅनर. कापड मात्र बरं आहे, घामाने चिकटत नाही.

आता रविवार. पहाटे पावणेपाचला भाट्याच्या पुलाच्या अलीकडे गाड्या लागतात. राजिवड्याच्या होड्यांचे दिवे खाडीत हलत असतात, भरती-ओहोटीप्रमाणे माशांचा वास कमी-जास्त. दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, मग पूल ओलांडायचा. पलीकडे उजव्या हाताला समुद्र आणि सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्र, आणि झरी विनायकापर्यंत रस्ता सपाट. तिथवर सगळेच वीर असतात. मग कसोप-फणसोपकडे जाणारा चढ सुरू होतो आणि गप्पा बंद पडतात. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आलं की पुन्हा मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना कातळ आणि आंब्याच्या बागांचे गडगे (दगडी कुंपणं), पुढे गोळप. हंगामाच्या शेवटी पावसपर्यंत जाऊन परत यायचं असतं, म्हणजे तिशीच्या आसपास किलोमीटर. ती वाट एकटीने, अंधारात, बिबट्याच्या बातम्या वाचून झाल्यावर मी कधीच गेले नसते. ग्रुपची फी मी त्यासाठीच भरली आणि तेवढ्यावर ती वसूल झाली.

यांचं खरं काम दिसतं ते शेवटच्या माणसाच्या बाबतीत. वेगाप्रमाणे गट करतात. सगळ्यांत मागच्या गटामागे एक स्वीपर असतो. हा रोज धावणारा, पाय दणकट असलेला मुलगा, आणि त्याने शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही हा नियम. त्याच्या मागे स्कूटरवर पाण्याचा कॅन, केळी, प्रथमोपचाराची पेटी. पहिल्या पावसाळ्यात शेवटची मी असायचे. तो पोरगा पाऊण तास माझ्या शेजारून जवळजवळ चालत यायचा, पण ‘वहिनी, जरा उचला’ असं एकदाही म्हणाला नाही. हे शिकवून येत नाही असं मला वाटायचं, पण ग्रुपचे प्रशिक्षक, आमचे सर, ते शिकवतात. हंगामाच्या सुरुवातीला स्वीपरांची वेगळी बैठक होते.

सरांची दुसरी अट: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. आमच्या गटात एक बागायतदार काका आहेत. वाशीच्या बाजारात गेलेल्या आंब्याच्या पेटीला काय भाव लागला, दलालाने किती कापले, थ्रिप्स किडीवर कुठली फवारणी फुकट गेली, हे सगळं त्यांना धावता धावताच सांगायचं असतं. काकांचा आवाज पुलावरून येतोय तोवर मला घड्याळाची गरज नाही, असं सर म्हणतात. ऐकायला गंमत वाटते, पण पहिल्या वर्षीच्या दुखापती टळतात त्या यानेच. दम महिना-दोन महिन्यांत वाढतो. हाडं, स्नायुबंध, टाचेमागची शीर यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम आहे म्हणून माणूस पळतो आणि नडगी दुखायला लागते. मग तो माझ्याकडे जेल घ्यायला येतो. नडगीच्या जेलचा खप जुलै-ऑगस्टात वाढतो, आणि ते घेणारे बहुतेक या ग्रुपमधले नसतात. मोबाइलवर बघून एकट्याने सुरू केलेले असतात.

मागच्या गटाला पहिले दोन महिने चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं देतात. अमेरिकेचा ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे याने ही पद्धत जगभर लोकप्रिय केली. आमच्याकडच्या पुरुषांना चालायची लाज वाटते. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की चालण्याचं मिनिट रद्द करून धावायला लागतात. बायकांचं तसं नाही. नाहीतरी लोक ‘काय वहिनी, कोण पाठी लागलाय?’ असं विचारणारच आहेत, मग चालताना विचारलं काय नि धावताना विचारलं काय.

गुडघ्यांचं एका वाक्यात: हौशी धावण्याने निरोगी गुडघा झिजतो याला आधार नाही. आधीच दुखत असेल, वजन फार असेल, जुनी दुखापत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा, मला नाही आणि सरांनाही नाही.

आता तक्त्याबद्दल. तक्ता तसा शास्त्रशुद्ध आहे. अंतर हळूहळू वाढतं, तीन आठवड्यांनी एक हलका आठवडा येतो, शर्यतीआधी पंधरा-वीस दिवस भार उतरतो. पण वेगाचे आकडे थंड, कोरड्या गावातले. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस जातो, ऊन चटके देतं आणि हवेतला ओलावा मात्र तसाच राहतो. घाम गळतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला तरच अंग निवतं. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे वळवतं आणि हृदयाला त्याच वेगासाठी जास्त ठोके मारावे लागतात. जानेवारीत ज्या वेगाला माझे ठोके 140 च्या आत राहतात, त्याच वेगाला ऑक्टोबरात ते 155 च्या पुढे जातात. तक्ता सांगतो ‘वेग कायम ठेवा’. ज्यांनी तो पाळायचा हट्ट धरला त्यांचे ऑक्टोबरातले रविवार उलट्या आणि डोकेदुखीत गेले. सर तोंडी सांगतात की किलोमीटरमागे मिनिटभर हळू धावा. मग तेच तक्त्यात लिहायला काय हरकत आहे? नवा माणूस तोंडी सांगितलेलं विसरतो आणि मोबाइलवर आलेलं वेदवाक्य मानतो.

आणि गणपती! 2025 साली गौरी आल्या त्या दिवशी रविवार होता, 31 ऑगस्ट. तक्त्यात त्या दिवशी 16 किलोमीटर. घरात चाकरमानी दीर-जावा, पोरं, ओटीवर आरत्या, स्वयंपाकघरात नारळांचा ढीग, आणि मी पहाटे बूट बांधून बाहेर पडणार? मी गेले नाही, अख्ख्या ग्रुपमधल्या एकाही बाईने तोंड दाखवलं नाही. सोमवारी व्हॉट्सअॅपवर ‘कमिटमेंट’ या विषयावर भला मोठा मजकूर पडला. पाठवणाऱ्या गृहस्थांच्या घरचे मोदक कोणी वळले ते विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. कोकणात धावण्याचा तक्ता करताना गणपतीचे ते दिवस हलका आठवडा म्हणून आधीच धरले पाहिजेत, एवढी साधी गोष्ट. ग्रुपमध्ये बायका बऱ्याच आहेत, तक्ता ठरवणाऱ्यांत एकही नाही. गाडं तिथेच अडतं.

बायकांच्या बाजूने एक सोय मात्र फार चांगली आहे. भाट्यापासून गोळपपर्यंत पहाटे पाच वाजता स्वच्छतागृह कुठे मिळणार? सड्यावर ग्रुपमधल्याच एका ताईंचं घर आहे. रविवारी त्यांच्या पडवीतला दिवा लावलेला असतो, मागीलदारचं न्हाणीघर उघडं आणि पाण्याची बादली भरलेली. कुणी गाजावाजा करत नाही, फलक नाही, फोटो नाही. नवीन आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी हळूच सांगितलं जातं. मासिक पाळीच्या दिवसांत लांब धावायचं की नाही हे ज्या त्या बाईने ठरवायचं, कारण विचारलं जात नाही. हे सरांनी स्पष्ट सांगितलेलं आहे आणि पाळलंही जातं.

पावसाळ्यातल्या सरावाचं थोडं सविस्तर सांगते, कारण नवे लोक तिथेच गळतात. जुलैत पाऊस आडवा-तिडवा येतो, टोपीची पुढची झालर असेल तरच समोरचं दिसतं. जांभ्याच्या पायऱ्या आणि गडग्याकडेची फरशी यांवर शेवाळाचा थर असतो, तिथे धावायचंच नाही, डांबर सोडायचं नाही. ओले बूट उन्हात वाळवायला ऊनच नसतं. आतली गादी काढायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे आणि रात्री पंख्याखाली ठेवायचे. फ्रिजच्या मागे ठेवले तर बूट वाळतात, पण सगळं स्वयंपाकघर त्या वासाने भरतं आणि घरातली माणसं मॅरेथॉनच्या विरोधात जातात. दोन जोड असतील तर उत्तम. मांड्या, काखा, ब्राची पट्टी घासते तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावायची. खोबरेल तेल पावसात टिकत नाही, हा माझ्या दुकानाचा धंदा वाढवायला दिलेला सल्ला नव्हे. लावणीच्या दिवसांत निम्मा ग्रुप शेतात असतो. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून आल्यावर दुसऱ्या दिवशी धावायची काही गरज नाही, तो व्यायाम झालाच.

आता ज्या गोष्टीवरून माझं ग्रुपमध्ये वाजलं ती. लांब धावायच्या आधी काही मंडळी दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळी घेतात, आणि नव्यांनाही वाटतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, जे हाताला लागेल ते. तीन-चार तास घाम गाळताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. ज्या रसायनांच्या जोरावर शरीर तो प्रवाह टिकवतं, त्यांनाच या गोळ्या रोखतात. वर पोटाची आग वेगळी. मी सरांना सांगितलं, सरांनी सगळ्यांसमोर बंदी घातली. वाटणारे गृहस्थ दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत. चालायचंच.

ओआरएसचंही, म्हणजे जलसंजीवनीच्या पुडीचंही तसंच. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. आमचे लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालून ‘स्ट्राँग’ करतात आणि मग मळमळतं म्हणून तक्रार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हे प्रमाणच त्याचं औषध आहे. नावात ओआरएस लिहिलेली गोड पेयं ग्रुपमध्ये सर्रास चालायची. आमच्या हंगामातच, 2025 च्या ऑक्टोबरात, एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली, तेव्हा माझा अर्धा वाद आपोआप मिटला. आणि नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. पाच तास धावणाऱ्याने दर थांब्यावर तांब्याभर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, चक्कर, गोंधळ, क्वचित जिवावरही बेततं. तहान लागली की प्यावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाच किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, खिशात ग्लुकोज ठेवावं. हे नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये विचारतात, त्याबद्दल ग्रुपला शाबासकी.

खाण्यात मात्र ग्रुप आपल्या मातीवर आहे. तास-दीड तासाच्या पुढे धावलं की दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, नाहीतर तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय शिसासारखे होतात. परदेशी जेलची पुडी महाग आणि बऱ्याच जणांच्या पोटाला न मानवणारी. आमच्याकडे आंबापोळी चालते. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायच्या, कमरेच्या पिशवीत चार ठेवायच्या. चावायला फार त्रास नाही, साखर भरपूर, पावसात विरघळत नाही. बाजारच्या पोळीत नुसती साखरच असते, घरची घ्यावी. फणसपोळी मी करून पाहिली, धावताना दाताला चिकटते. धावून आल्यावर उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, वर लोणचं. कोणी घावणे आणतं. त्या न्याहारीसाठी येणारे दोघे-तिघे आहेत, ते धावतात किती याची चौकशी कोणी करत नाही.

स्टेडियमवरचे मधले वार मला का पटले नाहीत? एका सरांच्या वाट्याला चाळीस-पन्नास माणसं. शिट्टी वाजते, सगळे एकाच वेगाने फेऱ्या मारतात, टाच आधी पडते की चवडा, खांदे आवळलेत का, हे बघायला माणूस नाही. कंबर आणि मांडीच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा हवेत, ते ‘घरी करा’वर सोडलेले. मी फिजिओथेरपिस्टकडे पैसे देऊन शिकले. शिवाय रविवारी संध्याकाळी सगळ्यांच्या वेळा पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने ग्रुपवर टाकतात. शेवटच्या पाच जणांची नावं वाचून काय साधतं ते मला कळलेलं नाही. त्यातल्या दोघी पुढे आल्याच नाहीत. आणि मध्येच पाय मोडला, घरी आजारपण आलं तर फी परत नाही, पुढच्या हंगामात वळतीही नाही. हे पावतीवर बारीक अक्षरात आहे, तोंडाने कोणी सांगत नाही.

पूर्ण मॅरेथॉनची घाई यांच्याकडे करू देत नाहीत, ते बरं करतात. पहिल्या वर्षी हाफ, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, मग पुढचं. मुंबईला 42.195 किलोमीटरसाठी आधीच्या शर्यतीच्या वेळेचा दाखला लागतोच. प्रवासाची व्यवस्थाही ग्रुपने नीट केली. मुंबईत बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आदल्या दिवसापर्यंत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणजे रत्नागिरीकराचा शुक्रवार-शनिवार गेलाच. कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि उघडल्या उघडल्या संपतं. एका दादाने सकाळी आठला बसून सगळ्यांची तिकिटं काढली. शर्यतीत परतीला पेडर रोडचा चढ लागतो, तिथे धडधाकट माणसं कठड्याला धरून उभी होती. फणसोपच्या चढापुढे तो मला मवाळ वाटला. पाच तासांच्या वर वेळ लागला. समाधान झालं, पायाची दोन नखं काळी पडली.

एकूण पाचपैकी साडेतीन. तक्ता दुरुस्त केला, वेळांची यादी बंद केली आणि मधल्या वारांना आणखी एक शिकवणारा माणूस ठेवला तर साडेचारही देईन. बूट मी कोल्हापूरला जाऊन पायात घालून, दुकानातच चार पावलं धावून घेतले. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण लांब धावल्यावर पाय सुजतो. साधारण 500 ते 800 किलोमीटरला बुटांचा तळवा मरतो, मग ते दुकानात घालायचे.

नवी नावनोंदणी जूनच्या शेवटी होते. पहिले दोन रविवार फुकट येऊ देतात, ते वापरा, पैसे नंतर भरा. आणि त्या दिवशी नवेकोरे बूट घालून जाऊ नका, पुलाच्या पलीकडे लाल चिखल असतो.